तळणीचं ग्रहण

यवतमाळच्या माणसाला मुंबई-नागपूरची आगगाडी धरायची तर पूर्वी धामणगाव गाठावं लागे. त्याच्याच शेजारचं स्टेशन तळणी. २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी तिथे खग्रास सूर्यग्रहण लागलं. ते टिपायला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी निरीक्षकांच्या संस्थेची मंडळी विलायतेहून आली होती.

त्यांत ॲनी माँडर या बाई होत्या. ग्रीनविच वेधशाळेत त्या आकडेमोडीचं काम करीत. १८९५ मध्ये लग्न झालं आणि नोकरी सुटली. गर्टन कॉलेजच्या अनुदानातून त्यांनी एक छोटा कॅमेरा सिद्ध केला. भिंग अवघं दीड इंचाचं! पण मोठ्या दुर्बिणीत सूर्याभोवतालचा थोडाच भाग मावतो. या भिंगात पुष्कळ आकाश मावे.

खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात काचा लावायच्या, उघडायच्या, झाकायच्या. काय गवसलं ते काच धुतल्यावरच कळायचं! आणि गवसला तो प्रभामंडलातून निघालेला सुमारे ६० लाख मैल लांबीचा किरण. एवढा लांब किरण तोवर कुणीही टिपला नव्हता.

त्याच छावणीत जॉन एव्हरशेड वर्णपटाचे फोटो घेत होते. तेही तेव्हा हौशीच. १९०७ मध्ये ते कोडाईकॅनलच्या वेधशाळेत रुजू झाले. ॲनीबाईंना मात्र रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८९२ मध्ये नाकारलेलं सभासदत्व मिळायला १९१६ साल उजाडावं लागलं. तळणीच्या किरणाला तोवर अठरा वर्षं झाली होती.