माउंटन बायकिंगच्या वाटांची काठिण्यश्रेणी

डोंगर, जंगल किंवा किनाऱ्यावरच्या कच्च्या वाटेवर सायकल चालवायला किती कौशल्य लागेल, हे सांगणारी खूण म्हणजे काठिण्यश्रेणी. ती दमछाक मोजत नाही. चाळीस किलोमीटरची सपाट, रुंद वाट सोपीच धरली जाते, मग पाय कितीही भरून येवोत. उलट दोनशे मीटरच्या दगडी उताराला सर्वांत अवघड खूण मिळू शकते. ट्रेकिंगमधल्या ‘सोपा, मध्यम, कठीण’ या प्रतवारीत चढाईचा दमही धरलेला असतो, त्यामुळे ती इथे जशीच्या तशी चालत नाही.

सर्वांत रूढ पद्धत इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन या १९८८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या संस्थेची. तिच्या खुणा स्कीइंगच्या उतारांवरून घेतल्या आहेत : पांढरे वर्तुळ, हिरवे वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा आणि काळा जोडहिरा. वाटेची रुंदी, पृष्ठभाग, चढ-उतार आणि अडथळे पाहून खूण ठरते. हिरव्या वाटेची रुंदी किमान तीन फूट, निळीची दोन, काळ्या हिऱ्याची एक फूट. सरासरी चढ अनुक्रमे ५, १० आणि १५ टक्क्यांपर्यंत. टाळता न येणारा दगड किंवा पायरी हिरव्या वाटेवर दोन इंचांपर्यंत, निळीवर आठ, काळीवर पंधरा इंचांपर्यंत चालते. टक्के म्हणजे अंश नव्हेत. शंभर मीटर आडव्या अंतरात दहा मीटर उंची वाढली की चढ १० टक्के, आणि ४५ अंशांचा चढ १०० टक्के.

हे निकष एकमेकांशी जुळतातच असे नाही. या खेळाची जन्मभूमी मानल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत १९७६ पासून ‘रिपॅक’ शर्यत होत असे. तिचा रस्ता सुमारे ३.४ किलोमीटरमध्ये ४०० मीटर उतरतो. उतार १२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे काळ्या हिऱ्याचा; रस्ता मात्र गाडी जाईल एवढा रुंद. कोकण किनाऱ्यावरच्या चौल गावातील भातखाचरांचे बांध नेमके उलटे. उतार जवळजवळ नाही, पण रुंदी फूटभर. रुंदी धरली तर काळा हिरा, चढ धरला तर पांढरे वर्तुळ. तोल गेला तर हाड मोडत नाही, चिखलात बसावे लागते, एवढाच फरक; पण परिणाम किती गंभीर याचे या निकषांत वेगळे माप नाही. अशा वेळी श्रेणी ठरवणाऱ्याने तारतम्य वापरावे आणि त्याच परिसरातील इतर वाटांशी तुलना करावी, असे अपेक्षित असते. म्हणून दोन देशांतला ‘निळा’ एकच नसतो. ब्रिटनमध्ये निळ्या आणि काळ्याच्या मध्ये लाल श्रेणी आहे. अमेरिकी फलकांवर सरावलेला स्वार तिथे फसू शकतो. जर्मनीत निघालेली सिंगलट्रेल स्केल रंग न वापरता एस ० ते एस ५ असे आकडे देते. तिच्या एस २ मध्ये सपाट पायऱ्या आणि ७० टक्क्यांपर्यंतचा उतार येतो, एस ३ मध्ये उंच पायऱ्या आणि अरुंद वळणे.

पायऱ्यांचा प्रश्न चौलला जवळचा. चौल-भोवाळ्याच्या दत्ताच्या डोंगरावर आणि हिंगलाज देवीच्या टेकडीवर जायच्या वाटा पायऱ्यांच्याच. सायकल त्यावरून उतरू शकते, पण उतरवू नये हे उत्तम. दत्तजयंतीच्या यात्रेत तर तिथे पाऊल ठेवायलाही जागा नसते. श्रेणी सायकलस्वाराला काय जमेल ते सांगते. वाट कोणाची, हे तिच्या कक्षेत येत नाही. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या कोरड्या दिवसांत नवशिक्याला पुरेशा सोप्या, फक्त समोरून येणाऱ्या माणसाला वाट द्यावी लागते.

चौलसारख्या किनारी गावात कोणतीही खूण वर्षभर टिकत नाही. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, दगडांवर शेवाळ धरते आणि जानेवारीत हिरवी वाटणारी वाट ऑगस्टमध्ये निळीच्याही पलीकडे जाते. सरळ उतरणाऱ्या वाटेवरून पाणीही सरळ वाहते, माती नेते आणि दगड उघडे पाडते. म्हणूनच वाट आखणारे सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत ठेवायला आणि डोंगराच्या उतारालगत आडवे जायला सांगतात. बाजूच्या उताराच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला देऊ नये, हा त्यांचा ठोकताळा.

समुद्रकिनाऱ्यावर तर श्रेणी दिवसातून अनेकदा बदलते. चौलशेजारच्या रेवदंड्याला ओहोटीने मागे टाकलेली ओली, घट्ट वाळू पांढऱ्या वर्तुळाच्या तोडीची. भरती चढली की उरते सुरूच्या झाडांलगतची भुसभुशीत पट्टी. तिथे चाक रुतते आणि चांगला स्वारही उतरून सायकल ढकलतो. किनाऱ्यावर जायच्या दिवशी फलकापेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक कामाचे, आणि परतल्यावर साखळी गोड्या पाण्याने धुऊन तेल देणे.