गेम कन्सोलचे डिजिटल कुलूप : फेरफार केव्हा वैध, केव्हा गुन्हा?

चेन्नई : गेम कन्सोल विकत घेणारा ग्राहक त्या यंत्राचा मालक होतो, मात्र त्यात कोणता खेळ चालावा, हे ठरवण्याचा अधिकार उत्पादक कंपनी आपल्याकडे राखून ठेवते. यंत्रात बसवलेले डिजिटल कुलूप हे त्याचे साधन. हे कुलूप निकामी करण्याच्या कृतीला ‘मॉडिंग’ म्हणतात. असा फेरफार म्हणजे सरसकट गुन्हा, असा समज आपल्याकडे रूढ आहे. भारतीय कॉपीराइट कायदा मात्र तसे म्हणत नाही. कुलूप कोणत्या हेतूने उघडले, हा त्याचा मुख्य प्रश्न आहे.

बाजार आणि कायदा

मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडचे जे महत्त्व, तेच चेन्नईत अण्णा सालईलगतच्या रिची स्ट्रीटचे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सुट्या भागांचा आणि दुरुस्तीचा हा मोठा बाजार आहे. बीच रेल्वे स्थानकाजवळचा बर्मा बाजार ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ निर्वासितांच्या उपजीविकेसाठी वसवण्यात आला. पुढे परदेशी वस्तूंबरोबरच नकली सीडी-डीव्हीडींसाठीही त्याचे नाव होऊ लागले.

चित्रपटांच्या चोरीला आळा घालण्यासाठी तामिळनाडूने २००४ मध्ये ‘गुंडा कायद्या’च्या कक्षेत ‘व्हिडिओ पायरेट्स’ आणले. महाराष्ट्रानेही २००९ मध्ये ‘एमपीडीए’ कायद्यात तशीच दुरुस्ती केली. या दोन्ही कायद्यांखाली संबंधित व्यक्तीला एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते. त्यांचा रोख मुख्यतः चित्रपटांच्या नकलेवर आहे. खेळांच्या नकलेसाठी प्रामुख्याने १९५७ च्या कॉपीराइट कायद्याकडेच पाहावे लागते. या कायद्यात संगणक प्रोग्रॅमला ‘साहित्यकृती’चे संरक्षण आहे.

कुलूप कसे चालते?

जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’मध्ये असे कुलूप नव्हते. त्यामुळे त्याच्या स्वस्त प्रतिकृती आणि ‘एकात शंभर खेळ’ अशा कॅसेट भारतासह अनेक देशांत घरोघरी पोहोचल्या. अमेरिकेत १९८५ पासून विकल्या गेलेल्या याच यंत्राच्या आवृत्तीत कंपनीने कॅसेटची ओळख पटवणारी चिप बसवली.

सोनीने १९९४ मध्ये आणलेल्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये तबकडीच्या आतील कडेजवळ सूक्ष्म नागमोडी खाच असे आणि तीत विक्रीच्या प्रदेशाची खूण दडवलेली असे. घरगुती सीडी रायटरला ही खूण उमटवता येत नसल्याने नकली तबकडी चालत नसे. मॉडचिप तीच खूण थेट यंत्राला पुरवी. त्यामुळे नकली तबकडी चालू लागे; पण परदेशात रीतसर विकत घेतलेली अस्सल तबकडीही त्याच चिपमुळे चाले. चोरी आणि वैध वापर एकाच साधनाने शक्य होतात, हा या वादाचा मूळ पेच आहे.

पुढच्या पिढीत खाचेची जागा डिजिटल स्वाक्षरीने घेतली. कंपनीची गुप्त किल्ली वापरून स्वाक्षरी केलेलाच प्रोग्रॅम यंत्र स्वीकारते. प्रत्येक स्वाक्षरीसाठी नवी यादृच्छिक संख्या वापरणे आवश्यक असते. प्लेस्टेशन ३ मध्ये ती दर वेळी एकच होती, त्यामुळे गुप्त किल्ली गणिताने काढता येते, हे अभ्यासकांच्या एका गटाने डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनमधील परिषदेत दाखवले. त्यानंतर अमेरिकी तंत्रज्ञ जॉर्ज हॉट्झ यांनी या यंत्राची मूळ किल्ली जाहीर केली आणि जानेवारी २०११ मध्ये सोनीने त्यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. एप्रिलमध्ये तो तडजोडीने मिटला. या वादाला पार्श्वभूमी होती. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स चालवण्याची मूळची सोय सोनीने एप्रिल २०१० मध्ये अद्ययावत प्रणालीद्वारे काढून घेतली होती.

निन्टेन्डो स्विचमधील त्रुटी २०१८ मध्ये उघड झाली. ती प्रोसेसरमधील कायमस्वरूपी स्मृतीत असल्याने विकल्या गेलेल्या यंत्रांत सॉफ्टवेअरद्वारे दुरुस्त करणे अशक्य होते. कंपनीला नव्या यंत्रांतील चिपच बदलावी लागली.

कलम ६५अ काय सांगते?

अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार कुलूप तोडणे आणि त्याची साधने विकणे, या दोन्हींवर बंदी असून ठरावीक अपवादांनाच मुभा आहे. स्विचसाठी अशी साधने विकणाऱ्या टोळीतील गॅरी बाउझर याला २०२२ मध्ये तेथील न्यायालयाने ४० महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी, तसेच सांकेतिकीकरणाच्या संशोधनासाठी किंवा मालकाच्या परवानगीने सुरक्षेची चाचणी करण्यासाठी केलेल्या कृतीला हे कलम आड येत नाही. साधनांच्या विक्रीवर या कलमात स्वतंत्र बंदी नाही.

दुरुस्ती करणाऱ्यांच्या दृष्टीने यातील एक अट महत्त्वाची आहे. अशा वैध कारणासाठी दुसऱ्याला कुलूप भेदण्यास मदत करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, ओळख पटण्यास आवश्यक तपशील आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. लहान गाळ्यातील कारागिरावरही ही जबाबदारी येते.

नकली खेळ भरून देणे मात्र थेट कलम ६३ खाली येते. त्यात सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. नकली प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणाऱ्या ग्राहकालाही कलम ६३ब खाली शिक्षा होऊ शकते.

वादाच्या दोन बाजू

उत्पादक आणि खेळ तयार करणाऱ्यांच्या मते कुलूप नसेल तर निर्मितीवर झालेला खर्च भरून निघणार नाही. कन्सोल कमी नफ्यात विकून खेळांच्या विक्रीतून उत्पन्न मिळवणे, हे या उद्योगाचे जुने गणित आहे. नकलेचा फटका लहान स्टुडिओंनाही बसतो.

दुसरी बाजू मालकीची आणि जतनाची आहे. कायदेशीर प्रत जवळ असलेल्याला ती नष्ट होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून संगणक प्रोग्रॅमची राखीव प्रत करण्याची मुभा कलम ५२ देते. पण कुलूप न उघडता कन्सोलवरील खेळाची अशी प्रत करणे बहुधा अशक्य असते. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये ‘३डीएस’ आणि ‘वी यू’ या यंत्रांसाठीची ऑनलाइन विक्री बंद केली. अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात आढळले. विक्रीच बंद झालेल्या खेळाची नकल न्याय्य ठरते का, यावर मतभेद आहेत. मात्र विक्री थांबल्याने कॉपीराइट संपत नाही.

ग्राहकासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा : स्वतःच्या कन्सोलची दुरुस्ती किंवा स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम त्यावर चालवणे आणि शेकडो नकली खेळ भरून घेणे, या कायद्याच्या दृष्टीने भिन्न गोष्टी आहेत. कायद्याचा भंग होत नसला, तरी फेरफार केलेल्या यंत्राची हमी रद्द होणे किंवा कंपनीच्या ऑनलाइन सेवेतून ते कायमचे बाद होणे, हा धोका उरतोच.