पत्र्याची चूल धूर करते? आधी हवेची वाट तपासा

आठवडी बाजारात मिळणारी पत्र्याची चूल स्वस्त असते, उचलून अंगणात नेता येते. त्यामुळे गॅस असलेल्या घरातही अंघोळीच्या पाण्याला, जनावरांच्या आंबोणाला ती लागतेच. तक्रार मात्र सगळीकडे एकच, धूर फार करते. फुंकणी हातातून सुटत नाही, डोळे चुरचुरतात आणि सरपण दुप्पट जातं.

धूर म्हणजे न जळलेलं सरपण. लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग वायू होऊन बाहेर पडतो. त्या वायूला हवा आणि आच मिळाली तर ज्वाळ होते, नाही मिळाली तर धूर. एक किलो कोरडं लाकूड पुरतं जळायला साधारण पाच घनमीटर हवा लागते. स्वस्त चुलीला तोंड एकच. त्यातूनच लाकूड सारायचं आणि त्यातूनच हवा यायची. लाकडं कोंबली की निखाऱ्याखाली हवा पोचत नाही. उरलेल्या फटीतून येते ती लाकडावरून सरळ भांड्याकडे जाते आणि आच थंड करते.

म्हणून पहिलं काम जाळीचं. १० मिलिमीटरच्या गजाचे तुकडे बोटभर अंतराने वेल्ड करून चुलीच्या तळापासून चार बोटं उंच बसवायचे. आता तोंडाचे दोन भाग होतात. वरून लाकूड, खालून हवा. जुन्या तांब्याच्या बंबात हीच युक्ती आहे, खाली जाळी असते म्हणून तो फुंकावा लागत नाही. फक्त जाळीखालची राख रोज काढली पाहिजे, नाहीतर केलेलं काम वाया.

झडप कशी बसवायची

खालच्या भागाला झडप लावता येते. दोन बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या वाकवून खाचा करायच्या आणि त्यात एक पत्रा सरकता ठेवायचा. तो तापतो, त्यामुळे ओढायला तारेची लांब कडी हवी. खाच थोडी सैलच ठेवावी, कारण तापल्यावर पत्रा फुगतो आणि घट्ट झडप अडकून बसते. झडप पूर्ण बंद होता कामा नये. शेवटचं बोटभर अंतर उरेल अशा ठिकाणी खिळा किंवा वेल्डिंगचा ठिपका देऊन ती अडवावी.

पेटवताना झडप सताड उघडी. बाभळीचं जाड लाकूड धरलं की अर्धी करायची. तुराट्या, पऱ्हाट्या भसाभस जळतात, तिथे आणखी कमी चालते. गोवऱ्यांची राख जास्त पडते, म्हणून मधूनमधून जाळी हलवावी लागते. ओल्या लाकडापुढे मात्र कुठलीच झडप चालत नाही.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. भाजी मंद आचेवर ठेवायची म्हणून झडप लावून घेतात. ज्वाळ विझते, पण लाकडातून वायू निघणं थांबत नाही आणि घर धुरानं भरतं. आच कमी करायची तर लाकूड मागे ओढायचं, हे जुन्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. झडप कमी करायची ती ज्वाळ नीट लागल्यावर, जादा हवा तोडण्यासाठी, किंवा नुसते निखारे उरल्यावर.

वरच्या बाजूला, भांड्याच्या खाली तीन-चार बोटांवर बारीक छिद्रांची ओळ पाडली तर वायूला तिथेही हवा मिळते. आधी चार-पाचच पाडावीत आणि दोन दिवस बघावं. छिद्र पाडणं सोपं, बुजवणं अवघड. जास्त झाली तर थंड हवा शिरून भांडं उशिरा तापतं.

भांडं चुलीच्या काठावर सपाट बसत असेल तर वरचं सगळं व्यर्थ. आतली हवा बाहेर जायला वाट नसेल तर नवी आत येणार कशी? काठावर तीन टेकू लावून अर्धा-पाऊण इंच फट ठेवायची. तपासायला अगरबत्ती पुरते. पेटलेल्या चुलीच्या खालच्या तोंडाशी धरली आणि धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे.

पत्रा घेताना काळा घ्यावा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा फार तापला किंवा वेल्ड केला की त्यातून पांढरा विषारी धूर निघतो. कीटकनाशकाचे डबे तर या कामाला अजिबात नकोत. झडप कितीही चांगली असली तरी बंद खोलीत चूल किंवा निखाऱ्याची शेगडी ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि धूर दिसत नसतानाही तो माणसाचा जीव घेतो. डोकं जड झालं, गरगरलं, तर आधी उघड्यावर यायचं.

पत्र्याची चूल आतून माती, राख आणि भुश्शाच्या चिखलानं दीड इंच लिंपली तर आच आतच राहते, पत्राही लवकर गंजत नाही. लिंपताना हवेच्या छिद्रांत काड्या खोचून ठेवाव्यात आणि चिखल सुकत आला की काढून घ्याव्यात.