गाणं राहिलं, नावं कुठे गेली?

आमचं माण साताऱ्याचं नव्हे, मुळशीचं. हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा आमच्याच शिवारात उभा राहिला. त्यामुळे नोकरीसाठी जपानी शिकणारी मुलं-मुली इथे भेटतात, याचं आता नवल वाटत नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनीही जपानी शिकते आहे. ईदला शिरखुर्मा घ्यायला घरी आली, तेव्हा तिने मोबाइलवर एक गाणं लावलं. चकचकीत कपड्यांतल्या मुली गात होत्या, नाचत होत्या. गाण्याचं नाव 'लव्ह मशीन'. मी म्हटलं, "नवीन दिसतंय."

ती हसली. "सर, हे गाणं माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे. आणि यातल्या एकीनेही ते पहिल्यांदा गायलेलं नाही."

या गटाचं नाव मॉर्निंग मुसुमे. त्याची सुरुवात मोठी गंमतशीर आहे. 1997 साली जपानमध्ये टीव्हीवर गायिका निवडण्याची एक स्पर्धा झाली. तिच्यात हरलेल्या पाच जणींना संगीतकार त्सुंकू यांनी एक अट घातली: तुमच्या पहिल्या गाण्याच्या 50,000 प्रती पाच दिवसांत स्वतः विकून दाखवा, मग पुढचं बघू. पाच जणींनी त्या चारच दिवसांत विकल्या. 1999 च्या सप्टेंबरमध्ये 'लव्ह मशीन' आलं. जपानमध्ये तेव्हा मंदी होती, माणसांच्या नोकऱ्या जात होत्या. अशा दिवसांत हे गाणं देशाच्या उज्ज्वल भविष्याबद्दल नाचत-गात बोललं आणि त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या.

त्या पाच जणींपैकी आज गटात कोणीही नाही. मुलगी गट सोडते तेव्हा तिथे निरोपाचा कार्यक्रम होतो. शाळा संपल्यावर होतो तसा, आणि त्याला शब्दही तोच आहे: पदवीदान. मग नव्या मुली येतात, त्यांना 'पिढी' म्हणतात आणि प्रत्येक पिढीला क्रमांक असतो. कोण कोणत्या पिढीची, हे चाहत्यांना तोंडपाठ असतं. गाणं एका हातातून दुसऱ्या हातात जातं, पण आधीच्या हाताची नोंद राहते.

ती गेल्यावर मी बराच वेळ विचार करत बसलो. गाणं पुढे नेणारा गट आपल्याकडेही होता. पण नोंदीचं काय झालं?

1944 साली मुंबईत लाल बावटा कलापथक निघालं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे त्याचे तीन खांब. जपानचा तो गट बाजाराने घडवला, हा गिरणगावाने. तिकडे प्रती विकायच्या होत्या, इकडे चाळीतल्या माणसाला त्याच्या हक्काची जाणीव करून द्यायची होती. तमाशाची बोली, डफाची थाप आणि विषय कामगाराचा. सरकारने बंदी घातली, तेव्हा अण्णाभाऊंनी तमाशाचं लोकनाट्य केलं आणि पथक पुन्हा लोकांसमोर उभं राहिलं.

यातले अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. जन्म 20 ऑक्टोबर 1916. गाणं त्यांना घरातूनच मिळालं, आई मुनेरबींच्या लोकगीतांतून. गाडीवर क्लीनर म्हणून राबले, गिरणीत कामाला लागले, संपात उतरले, तुरुंगात गेले. पुढे कोल्हापूरला मास्टर विनायकांकडे काम करताना 'अमर शेख' हे नाव पडलं. शेख ठेवून अमर झालेला हा माणूस. आवाज असा पहाडी की हजारोंची सभा बांधून ठेवायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा आवाज गावोगाव फिरला. 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णाभाऊंची छक्कड अमर शेखांनी घराघरांत पोहोचवली. पोटासाठी मुंबईला आलेला कामगार आणि गावी राहिलेली त्याची बायको, असं ते गाणं सुरू होतं. ऐकता ऐकता ती ताटातूट महाराष्ट्राची होते, बेळगाव, कारवार, निपाणीची होते. लिहिणारा मातंग समाजातला, गाणारा मुसलमान, आणि ऐकणारा अख्खा मराठी मुलूख. 1 मे 1960 ला राज्य झालं.

हे सगळं मी एकदा महाराष्ट्र दिनाच्या आधी वर्गात सांगायला घेतलं होतं. सुरुवात झाली होती मोर्चे, हुतात्मे आणि पुढाऱ्यांपासून. मागच्या बाकावरच्या एका मुलाने अगदी साध्या आवाजात विचारलं, "सर, यात आपलं कोणी होतं का?" त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. उत्तर 'नाही' असणार, असं गृहीत धरूनच त्याने विचारलं होतं. मला तेच लागलं. घरी तो मराठीच बोलतो. तरी या राज्याच्या जन्माच्या गोष्टीत स्वतःला पाहुणा समजून बसला होता.

दोष त्याचा नाही. 18 जुलै 1969 ला अण्णाभाऊ गेले. बरोबर सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्टला, इंदापूरजवळ अपघातात अमर शेख गेले. गाणी लोकांच्या तोंडी राहिली, आजही वाजतात. अण्णाभाऊंची जयंती त्यांच्या समाजाने जागती ठेवली, म्हणून त्यांचं नाव टिकलं. अमर शेखांच्या बाबतीत आपण काय केलं? आपल्या किती मोहल्ल्यांत, किती वाचनालयांत त्यांचा 'कलश' सापडतो? त्यांची मुलगी मलिका अमर शेख मराठीतली मोठी कवयित्री आहे, हे आपल्या किती मुलींना ठाऊक आहे? इतिहासातून आपल्याला वगळलं, ही तक्रार आपण नेहमी करतो आणि ती पुष्कळदा खरीही असते. पण आपल्या माणसाची नोंद ठेवायला आपल्याला कोणी अडवलं होतं?

त्या दिवशी मी शिकवणं थांबवलं आणि मोबाइलवर 'माझी मैना' लावलं. मुलांनी ठेका धरला. निम्म्यांना चाल माहीत होती, नावं एकालाही नाही. मग फळ्यावर तीन नावं लिहिली: साठे, शेख, गव्हाणकर. शेखांच्या नावाखाली लिहिलं, 'मेहबूब हुसेन पटेल, बार्शी'. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने वही उघडली. दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी आता ही तीन नावं फळ्यावर लिहितो.