जंगलानं फोडलेलं बिंग : पॅनशार्पनिंगची कुळकथा

फ्रान्सचा स्पॉट-1 उपग्रह 1986 च्या फेब्रुवारीत वर गेला आणि एकाच प्रदेशाची दोन चित्रं पाठवू लागला : कृष्णधवल 10 मीटरचं, रंगीत 20 मीटरचं. रंगीत चित्राला प्रकाशाची अरुंद पट्टी निवडावी लागते. तेवढ्याशा प्रकाशात संवेदकाचं भागत नाही, म्हणून पिक्सेल मोठा. कृष्णधवलाला रुंद पट्टी मिळते, त्याला बारीक पिक्सेल परवडतो. मग याची रेखीवता त्याच्या रंगांना का देऊ नये? हेच पॅनशार्पनिंग. युक्ती आधीही माहीत होती. स्पॉटनं ती रुळवली. 1995 च्या डिसेंबरात वर गेलेल्या आपल्या आयआरएस-1सीनं 5.8 मीटरचं कृष्णधवल आणि 23.5 मीटरचं रंगीत अशी जोडी दिल्यावर तर मोह आवरणं कठीणच होतं.

सर्वांत लाडकी पद्धत आयएचएस. रंगीत चित्रातला उजळपणा वेगळा काढायचा आणि त्या जागी कृष्णधवल चित्र बसवायचं. रस्ते, इमारती, बंदरं झकास उठून दिसत. बिंग फोडलं ते जंगलानं.

पानं डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश भरभरून परत फेकतात. स्पॉट-1 च्या कृष्णधवल पट्टीत तो नव्हता. 1999 साली आलेल्या लँडसॅट-7 आणि आयकोनॉसच्या पट्टीत तो होता. त्यामुळे कृष्णधवलात झाडी लख्ख, नैसर्गिक रंगांच्या चित्रात काळपट. अदलाबदल केली की हिरवा रंग फिका, विटका.

उपाय दोन दिशांनी आले. कोडॅकच्या लेबन आणि ब्रॉवर यांना 2000 च्या जानेवारीत ग्रॅम-श्मिट पद्धतीचं पेटंट मिळालं : आधी रंगीत पट्ट्यांतूनच एक जाडसर कृष्णधवल घडवायचं आणि खऱ्याला त्याच्याशी जुळवून मगच बसवायचं. दुसरीकडे वेव्हलेट हे गणिती तंत्र वापरणारे. ते कृष्णधवलातल्या फक्त कडा उचलून रंगीत चित्रात मिळवतात, खालच्या रंगाला हात लावत नाहीत. रंग टिकतो, पण दोन चित्रं नीट जुळलेली नसतील तर झाडांच्या कडा दुहेरी दिसतात.

यांत सरस कोण? 1997 मध्ये ल्यूसियाँ वाल्द आणि सहकाऱ्यांनी कसोटी सुचवली : दोन्ही चित्रं मुद्दाम जाडी करा, त्यांचा मेळ घाला आणि हाती आलेलं चित्र मूळ रंगीत चित्राशी ताडून पाहा. साधी, पण चोख. तरी जाड्या चित्रावर जिंकलेली पद्धत बारीक चित्रावरही जिंकेलच, याची हमी ती देत नाही.

झाडांचे शेंडे नजरेनं ओळखायचे असतील तर ग्रॅम-श्मिट खुशाल वापरा. हिरवेपणाचा निर्देशांक काढायचा असेल तर मात्र मूळ रंगीत पिक्सेलच घ्या, कितीही जाडे असले तरी.