जपानी ग्रीन टीतल्या पाकळ्या: चव फुलाची की नुसता रंग?

काचेची किटली, फिकट हिरवा चहा आणि त्यात तरंगणाऱ्या गुलाबी-निळ्या पाकळ्या. असा फोटो पाहून 'साकुरा सेंचा' किंवा 'जॅस्मिन ग्रीन टी'चा डबा ऑनलाइन मागवला जातो. पण पहिल्या घोटाला एक तर अत्तरासारखा वास येतो, नाहीतर तोंड कडू होतं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि दोन्ही टाळता येतात.

आधी पाकळ्यांचं. अशा मिश्रणातल्या निळ्या पाकळ्या बहुधा कॉर्नफ्लॉवरच्या आणि पिवळ्या सूर्यफुलाच्या किंवा कॅलेंड्युलाच्या असतात. वाळल्यावर त्यांना जवळपास काहीच वास उरत नाही. त्या दिसण्यासाठी घातलेल्या असतात, सुगंध येतो तो चहावर फवारलेल्या अर्काचा. म्हणून डबा घेताना पुढच्या चित्रापेक्षा मागची घटकांची यादी वाचावी. वरून घातलेल्या फ्लेवरचा उल्लेख तिथे सापडतो. चहा कुठल्या देशातला आहे, हेही तिथेच पाहावं. 'सेंचा' हा चहाचा प्रकार आहे, त्या नावाचा चहा चीनमध्येही तयार होतो.

जपानमध्ये फुलं घालतात का?

सेंचा तयार करण्याची रीत १७३८ साली उजी भागातल्या नागातानी सोएन यांनी बसवली, असं मानलं जातं. तोडलेली पानं लगेच वाफवायची, मग मळून वाळवायची. चीनमध्ये पानं बहुधा कढईत भाजतात. वाफेमुळे जपानी चहाचा रंग जास्त हिरवा राहतो आणि चवीला किंचित समुद्री शेवाळाची झाक येते. या चवीत फूल मिसळण्याची तिथे मोठी परंपरा नाही.

साकुराचं म्हणाल, तर 'साकुरायु' नावाचं पेय आहे, पण त्यात चहाच नसतो. मीठ आणि प्लमच्या आंबट पाण्यात मुरवलेली चेरीची फुलं गरम पाण्यात उमलू देतात. लग्नाच्या बोलणीत चहाऐवजी हे देतात, कारण जपानीत 'चहा गढूळ करणं' म्हणजे वेळ मारून नेणं. फुलांच्या वासाचा चहा रोज पिणारे जपानी ओकिनावात भेटतात. तिथला 'सानपिन-चा' हा चिनी वळणाचा जॅस्मिन टी आहे.

जॅस्मिन म्हणजे आपला मोगराच

जॅस्मिन टीमध्ये वापरतात ते फूल म्हणजे कुठलं परदेशी फूल नाही, मोगरा आहे. चीनमधल्या फूचौची पद्धत साधी पण चिकाटीची. दुपारी तोडलेल्या कळ्या संध्याकाळनंतर उमलायला लागल्या की चहात मिसळतात. कोरडा चहा रात्रभर वास शोषून घेतो. सकाळी कोमेजलेली फुलं चाळून काढतात, चहा पुन्हा सुकवतात आणि चांगल्या मालासाठी हेच अनेकदा करतात. म्हणजे उत्तम जॅस्मिन टीत पाकळ्या जवळपास दिसतच नाहीत. डब्यात पाकळ्यांचा ढीग असेल तर तो दर्जाचा पुरावा नाही.

इथे ठाणे-कल्याणकरांना मोह होणं साहजिक आहे. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या जव्हार-विक्रमगड भागात मोगऱ्याची शेती होते आणि कल्याणच्या बाजार समितीचा फूल बाजार तर जवळच आहे. तरीही गजऱ्याचा मोगरा चहात घालू नये. मोगऱ्यावर कळी पोखरणारी अळी पडते आणि तिच्यासाठी फवारणी होते. हार-गजऱ्यासाठी पिकवलेलं फूल खाण्यासाठी म्हणून पिकवलेलं नसतं. बाजारातल्या गुलाबाचं आणि झेंडूचंही तेच. रील पाहून सोसायटीच्या बागेतलं दिसेल ते फूल टाकणं तर धोक्याचं, कण्हेर आणि पिवळी कण्हेर (बिट्टी) ही दोन्ही विषारी आहेत.

गॅलरीतल्या कुंडीत औषध न मारलेला मोगरा असेल तर मात्र प्रयोग करून पाहावा. संध्याकाळी टपोऱ्या कळ्या पातळ मलमलच्या कापडात सैल बांधून चहाच्या डब्यात ठेवायच्या, सकाळी काढून टाकायच्या आणि चहा पसरून पूर्ण कोरडा करायचा. महाग जपानी सेंचा यासाठी वाया घालवू नये, त्याची स्वतःची चव मोगऱ्याखाली दबते. दार्जिलिंग किंवा कांग्राचा साधा ग्रीन टी पुरतो.

कडूपणा येतो कुठून?

उकळत्या पाण्यातून. आल्याचा चहा उकळायची सवय हाताला असते आणि तीच इथे नडते. सेंचाला ७० ते ८० अंशांचं पाणी लागतं. थर्मामीटर नको. उकळलेलं पाणी आधी एका कपात, मग दुसऱ्या कपात ओतायचं, दर ओतण्याला साधारण १० अंश उतरतात. १५० मिलिलिटर पाण्याला २ ते ३ ग्रॅम, म्हणजे एक चमचा चहा, आणि एक मिनिटात गाळून घ्यायचा. तीच पानं दुसऱ्यांदाही चालतात.

पाण्याचाही फरक पडतो. नदी-धरणाचं पाणी सहसा मऊ असतं. टँकर किंवा बोअरचं जड पाणी आलं की तोच चहा मंद आणि गढूळ लागतो. घोडबंदर रोडवरच्या टँकरवाल्या संकुलांत हे लक्षात ठेवावं, तिथे फिल्टरचं पाणी बरं.

कधी प्यायचा, हा प्रश्न चवीपेक्षा महत्त्वाचा. चहातले टॅनिन डाळी-पालेभाज्यांमधलं लोह शरीरात शोषू देत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. 'वजन कमी होतं' म्हणून जेवणावर ग्रीन टी पिण्याची सवय त्यांना महागात पडू शकते. जेवण आणि लोहाची गोळी यांपासून किमान तासाभराचं अंतर ठेवावं. गरोदरपणात कॅफिनचा हिशेब डॉक्टरांशी बोलून ठरवावा.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ग्रीन टी ओलावा आणि आजूबाजूचे वास पटकन ओढतो, म्हणून मसाल्याच्या डब्याशेजारी तो नको. पाकळ्या असलेल्या मिश्रणाला बुरशी लवकर धरते. छोटं पाकीट घ्यावं, घट्ट झाकणाच्या, उजेड न जाणाऱ्या डब्यात ठेवावं, कोरडाच चमचा घालावा. कुबट वास आला तर चाखून न पाहता टाकून द्यावं.