कुंडीतल्या जपानी मेपलची पानं अचानक तपकिरी का होतात? कारण कसं ओळखायचं?

जपानी मेपल हे हाताच्या पंजासारख्या पानांचं छोटं झाड. 'एसर पामेटम' या त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'पामेटम'चा अर्थही तळहातासारखं असाच आहे. मूळचं जपान आणि कोरियातलं हे झाड आता ब्रिटन, अमेरिकेसारख्या देशांतही अंगणात आणि कुंड्यांत लावलं जातं. जपानमध्ये त्याला 'मोमिजी' म्हणतात.

भर उन्हाळ्यात दोन-चार दिवसांत या झाडाची पानं तपकिरी होऊन कुरकुरीत झाली, की बहुतेक जण आधी पाण्याचा झारा उचलतात. पण हीच लक्षणं पाणी कमी पडल्यावरही दिसतात आणि जास्त झाल्यावरही. त्यामुळे न तपासता घातलेलं पाणी झाडाच्या जिवावर बेतू शकतं.

पान कडेनेच का करपतं?

मुळांनी शोषलेलं पाणी शिरांमधून पानभर पोहोचतं. टोकं आणि कडा सर्वात शेवटी येतात. ऊन आणि गरम वाऱ्यामुळे पानातून बाष्प होऊन जाणारं पाणी मुळांकडून भरून निघालं नाही, तर आधी कडा वाळतात. जपानी मेपलची पानं पातळ असतात आणि मुळं वरच्या थरात पसरतात. त्यात कुंडीतली माती जमिनीपेक्षा लवकर तापते आणि लवकर सुकते.

पहिली तपासणी: माती

बोट साधारण ५ सेंटिमीटर खोल मातीत घालून पाहावं.

• माती कोरडी, कुंडी उचलायला हलकी: झाड तहानलेलं आहे. पूर्ण सुकलेलं मिश्रण कधी कधी पाणी धरत नाही, ते कडेने थेट खाली निघून जातं. अशा वेळी कुंडी पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी आणि मग निथळू द्यावी.

• माती चिखलासारखी ओली, तरी पानं वाळलेली: ही जास्त धोक्याची खूण. पाणी साचलेल्या मातीत हवा राहत नाही, मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतही झाड तहानेनं वाळतं. झाड अलगद कुंडीबाहेर काढून पाहावं. निरोगी मुळं फिकट रंगाची आणि घट्ट असतात. कुजलेली काळपट, लिबलिबीत आणि कुबट वासाची.

• माती ओलसर पण मोकळी, म्हणजे वाफशावर: पाण्याचं गणित बरोबर आहे. कारण दुसरीकडे शोधावं.

दुसरी तपासणी: तपकिरी रंग नेमका कुठे आहे?

• उन्हाच्या किंवा वाऱ्याच्या बाजूची पानंच करपली: हा ऊन-वाऱ्याचा चटका. सावलीतून एकदम कडक उन्हात आणलेल्या झाडाला तो हमखास बसतो.

• सगळीकडे पानांच्या कडा तपकिरी आणि मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर: खताचे किंवा जड पाण्यातले क्षार साचले आहेत. निचरा चांगला असेल, तर भरपूर साध्या पाण्याने माती धुऊन काढावी.

• वसंतात एका रात्रीत कोवळी पानं काळी पडली: उशिराच्या हिमदवाचा तडाखा.

• एकच फांदी किंवा एकच बाजू अचानक मान टाकते: मातीतून येणाऱ्या व्हर्टिसिलियम बुरशीचा संशय घ्यावा. ही बुरशी पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये शिरते. फांदी आडवी कापल्यावर आतल्या लाकडात हिरवट किंवा तपकिरी डाग दिसू शकतात. यावर झाड पूर्ण बरं करणारं औषध नाही. रोगट फांदी कापावी, कात्री निर्जंतुक करावी आणि ती माती टोमॅटो-वांग्यांसाठी पुन्हा वापरू नये, कारण त्यांनाही हा रोग होतो.

• शरद ऋतूत सगळ्याच पानांचा रंग बदलला: काळजीचं कारण नाही. ही नेहमीची पानगळ आहे.

झाड जिवंत आहे का?

बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर खाली खोडाकडे सरकत पुन्हा तपासावं. सगळी पानं गळूनही फांद्या हिरव्या असतील, तर काही आठवड्यांत किंवा पुढच्या वसंतात नवे कोंब येऊ शकतात. पानं नाहीत म्हणून झाड फेकून देण्याची घाई नको.

लगेच काय करावं, काय टाळावं?

• सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली मिळेल, जोराचा वारा लागणार नाही, अशी जागा द्यावी.

• कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. तळाची भोकं मोकळी आहेत का, हे पाहावं.

• खत देऊ नये. दुखावलेल्या मुळांना ते आणखी जाळतं.

• अर्धवट करपलेली पानं तोडू नयेत. तपकिरी भाग पुन्हा हिरवा होत नाही, पण उरलेला हिरवा भाग अन्न तयार करत असतो.

• कुंडी बदलायची योग्य वेळ हिवाळा संपताना, कोंब फुटण्याआधी. मुळं कुजली असतील तर मात्र थांबू नये. कुजका भाग कापून झाड निचरा होणाऱ्या ताज्या मिश्रणात लावावं.

महाराष्ट्रात हे झाड जगेल का?

जपानी मेपलला हिवाळ्यात पानं गाळून विश्रांती घेण्यासाठी खरी थंडी लागते. मुंबईत तशी थंडी पडत नाही, आणि नागपूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी पानं करपली, तर चूक पाणी घालणाऱ्याचीच असेल असं नाही. झाडाला हवा मानवलेली नसते आणि तिथे खत-पाण्याचा उपाय फारसा चालत नाही.